‘सध्या किती पडतात हातात?’

प्रिय अक्का,
मी चिपळूणची, वय २७, बीएस्सी केमिस्ट्री. चार वर्षं लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्यूसी लॅबला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायच्या कामाला आहे. ट्रेनी म्हणून लागले तेव्हा जो पगार ठरला त्यावरच थोडं थोडं वाढत आता ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा, २०,५०० झालाय. माझ्या मागून लागलेल्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त मिळतो. पुढच्या आठवड्यात तळोज्याला इंटरव्ह्यू आहे. खरा आकडा सांगितला तर त्यावरच दोन-तीन हजार चढवून देतील अशी भीती वाटते. मैत्रीण म्हणते, सरळ २८ सांग, कोण बघतंय. मामा म्हणतो, विचारलं की खरं सांगून मोकळी हो. काय करू? आईने एका स्थळाला आधीच तीस सांगून ठेवलेत, ते वेगळंच.
– गोंधळलेली

अगो, आईने स्थळाला सांगितलेले तीस आईच निस्तरेल. तू त्यात पडू नको.

आपल्याकडे पगार विचारायला कुणाला संकोच म्हणून वाटत नाही. एसटीत शेजारी बसलेली बाई आधी गाव विचारते, मग कुणाची कोण ते, आणि पुढचा थांबा यायच्या आत पगारावर येते. मोठं माणूस विचारतंय म्हटल्यावर आपण सांगून टाकतो. मामा त्याच सवयीने बोलतोय. पण इंटरव्ह्यूला समोर बसलेला एचआरचा मुलगा काही तुझा चुलता नव्हे. त्याचं काम कंपनीचे पैसे वाचवायचं आहे. त्याला लगेच आकडा दिला नाहीस तर तो उद्धटपणा ठरत नाही.

हर्णैच्या बंदरावरून मासळी घेऊन आलेल्या बाईला ‘लिलावात केवढ्याला पडली गो?’ असं कुणी विचारलंच, तर ती काय म्हणते? ‘तुम्ही केवढ्याला घेताय ते बोला.’ खोटं बोलत नाही आणि आकडाही देत नाही. तुला एवढंच करायचंय. विचारलं की म्हणायचं, ‘सर, या जागेसाठी तुमचं बजेट काय आहे? एचपीएलसी आणि जीसी ही तपासणीची मशीन्स मी स्वतः चालवते, ऑडिटची कागदपत्रं माझ्याकडे असतात. या कामाला माझी अपेक्षा वर्षाला चार लाखांच्या आसपास आहे.’ आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात कठीण, कारण आपल्याला शांतता भरून काढायची खोड असते आणि तिथेच ‘तसं साडेतीन पण चालेल’ तोंडातून निसटतं. चार हा आकडा मी अंदाजाने लिहिला. तळोज्यात तेवढ्याच अनुभवाला काय देतात ते तिथे असलेल्या दोघा-तिघांना फोन करून आधी विचार.

दुसऱ्यांदा विचारलं, किंवा ऑनलाइन फॉर्ममध्ये तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नसेल, तर खरा आकडा दे. आपल्याकडे हा प्रश्न विचारायला कायद्याची मनाई नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१८ पासून तशी बंदी घातली. कमी पगारावर लागलेल्या बाईमागे तो कमी आकडा नोकरीगणिक येत राहतो, हे त्यामागचं एक मोठं कारण. तुझी तक्रार नेमकी तीच आहे.

मैत्रिणीचे २८ मात्र विसर. ऑफर द्यायच्या आधी तीन महिन्यांच्या पगारस्लिपा मागतात, बँकेचं स्टेटमेंट मागतात, कधी पीएफचं पासबुकही. पीएफ बेसिकच्या १२ टक्के कापतात, म्हणजे १,४४० दिसले की बेसिक १२,००० आहे हे कुणीही सांगेल. आणि लोटे, महाड, रोहा, तळोजा या पट्ट्यातली लॅबवाली माणसं एकमेकांना ओळखतात.

पण ‘खरा आकडा’ म्हणजे कुठला, इथे बऱ्याच मुली फसतात. बेसिक १२,००० धरलं तर तुझ्या हातात सुमारे १८,९०० पडत असतील. पीएफ आणि ईएसआयचे, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचे, ०.७५ टक्के गेले. समोरचा विचारतो सीटीसी, म्हणजे तुझ्यामागे कंपनीचा होणारा एकूण खर्च. त्यात ग्रॉस २०,५०० वर कंपनी भरते तो पीएफ १,४४०, ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे ६६६, ग्रॅच्युइटीचे ५७७ असं धरून महिन्याला २३,१८० च्या पुढे जातं. तू ‘अठरा-नऊशे’ म्हणालीस तर चार हजारांहून जास्त स्वतःच सोडून दिलेस. दिवाळीचा बोनस, शिफ्टचा भत्ता, परशुराम घाट चढून नेणारी कंपनीची बस, हे वेगळंच. तुझ्या स्लिपेवरून हा हिशेब स्वतः मांड आणि सांगताना म्हण, ‘सीटीसी २ लाख ७८ हजार, बोनस वेगळा. ट्रेनी म्हणून लागले तेव्हाचा हा पाया आहे, आजच्या कामाचा नाही.’ त्या मुलाचा पगार काढू नकोस. समान कामाला समान पगार १९७६ पासून कायद्यात आहे, पण ते भांडण जुन्या कंपनीशी. नव्या माणसासमोर ते फक्त गाऱ्हाणं वाटतं.

आणखी एक, ते तुझ्या मनात आलेलं नसावं. पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआय सुटतं. आई-बाबा तुझ्यावर अवलंबून असतील आणि त्यांची औषधं त्या कार्डावर चालत असतील, तर नव्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील धरतात का ते विचार. नसतील धरत तर तो खर्च, पनवेल-कळंबोलीचं भाडं आणि पंचवीस हजारांवर गेल्यावर लागणारा वर्षाचा २,५०० व्यवसाय कर, हे वजा करून बघ. हे करून महिन्याला आजच्याइतकंच उरत असेल तर चार लाखांना हो म्हणू नकोस, चार लाख वीस हजार माग.

ऑफर लेटर मेलवर आल्याशिवाय लोट्याला राजीनामा देऊ नको. आणि गणपतीची रजा पगाराच्या बोलण्यात घुसवू नको. ती जॉइनिंगची तारीख ठरवताना मागायची, लेखी.

– अक्का