बाकालार: आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर

मेक्सिकोतल्या कानकून-तुलूमच्या सहलीतले दोन दिवस बाकालार या लगूनकाठच्या गावाला द्यावेत का आणि सत्तरीतल्या आई-बाबांना ते झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. जरूर द्या. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. तुलूमहून एडीओ या कंपनीची बस तीनेक तासांत पोचवते. एसी कडक असतो, आईंसाठी शाल हाताशी ठेवा.

राहायची जागा मात्र पाण्याकाठीच बघा. इथली लगून, म्हणजे उथळ सरोवर, चाळीसेक किलोमीटर लांब, चिंचोळी आणि चक्क गोड्या पाण्याची आहे. तळाशी पांढरी चुनखडी असल्यामुळे खोली बदलली की रंग बदलतो, म्हणून तिला सात रंगांची लगून म्हणतात. सेनोते नेग्रो या लगूनमधल्या खोल विवरापाशी आमची होडी कमरेइतक्या फिक्या हिरव्या पाण्यातून पुढे सरकली आणि पुढचं पाणी एकदम शाई सांडल्यासारखं गडद. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला, पण नजर काही काढली नाही. सकाळी लवकर निघा, तेव्हा वारा कमी असतो. बुधवारी लगूनला विश्रांती म्हणून होड्या बंद ठेवतात, तेव्हा दिवस तसे ठरवा.

एक कळकळीची विनंती. लगूनच्या काठाशी काही ठिकाणी करड्या, फुगीर दगडांसारखे स्ट्रोमॅटोलाइट दिसतील. ते दगड नाहीत, सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवत केलेली जिवंत रचना आहे. ती फार हळू वाढते, पायाखाली मोडली की गेलीच. आमच्यासमोर एक मुलगा फोटोसाठी त्यावर चढला, अजून आठवलं की जीव तुटतो. सोबत मुलं असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. पाण्यात उतरताना सनस्क्रीनही नको, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

गावात सान फेलिपेचा किल्ला आहे, समुद्री चाच्यांना रोखायला स्पॅनिशांनी बांधलेला, 1733 चा. तासाभरात होतो, वरून लगून सुरेख दिसते.

तुम्ही शाकाहारी आहात, तर बीन्स मागवताना 'सिन मान्तेका', म्हणजे 'चरबीशिवाय', म्हणा. तिकडे त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी घालतात. संध्याकाळी चौकात गाडीवर मार्केसिता मिळते: कुरकुरीत गुंडाळीत किसलेलं एडाम चीज. सासरे रोज दोन खायचे.