वाचक विचारतात: पॅरिसचा शाँझेलिझे, कुठून चालावे आणि काय घ्यावे

सुट्ट्या जवळ आल्या की नाशिकमधून युरोपच्या ग्रुप टूरला निघणाऱ्या वाचकांचे प्रश्न येऊ लागतात. या वेळी बहुतेक पत्रे पॅरिसच्या एकाच रस्त्याबद्दल आहेत. आमचे मत आधीच सांगतो: शाँझेलिझे हा चालण्याचा रस्ता आहे, खरेदीचा कमी. तिथल्या बऱ्याचशा ब्रँडची दुकाने मुंबईतही सापडतात. रुंद फूटपाथ, उतार, कमान आणि बागा यांची जोड मात्र मुंबईत मिळत नाही.

आमच्या वेळापत्रकात ‘शाँझेलिझे, दीड तास मोकळा वेळ’ एवढेच लिहिले आहे. एवढ्या वेळात काय होते? सुरुवात कुठून करावी? (गंगापूर रोड)

पूर्ण रस्ता १.९ किलोमीटरचा आहे. वरच्या टोकाला आर्क द त्रिओंफ ही कमान, खालच्या टोकाला प्लास द ला कॉन्कॉर्द हा चौक. नकाशात कळत नाही, पण कमान टेकाडावर आहे. कॉन्कॉर्दकडून निघालात तर सगळी चढण लागते, आणि पहिला निम्मा रस्ता नुसता बागांचा, एकही मोठे दुकान नाही. लोक तिथेच दमतात आणि दुकानांपर्यंत पोचेतो वेळ संपतो. म्हणून कमानीपासून खाली उतरत या. बसने कॉन्कॉर्दला सोडले तर मेट्रोच्या १ नंबर लाइनने चौथे स्टेशन गाठा, शार्ल द गोल-एत्वाल. तिथून वर आलात की समोर कमान.

कमानीभोवती बारा रस्ते एकत्र येतात आणि गाड्यांचा वेढा अखंड चालू असतो. हा वेढा पायी ओलांडायचा नाही. शाँझेलिझेच्या फूटपाथवरूनच जिन्याने खाली जाणारा भुयारी मार्ग आहे. कमानीखाली जायला तिकीट लागत नाही, ते फक्त गच्चीवर जायला लागते. खाली अज्ञात सैनिकाची समाधी आहे. तिथली ज्योत १९२३ पासून रोज संध्याकाळी साडेसहाला नव्याने चेतवतात. तुमची वेळ त्याच सुमाराची असेल तर दहा मिनिटे आधी पोचा.

वेळेची वाटणी अशी करा: कमानीला वीस मिनिटे, दुकानांच्या पट्ट्याला पाऊण तास, खालच्या बागांना पंधरा मिनिटे, उरलेली दहा बस शोधायला. दीड तासात गच्चीवर जाण्याचा हट्ट धरू नका, रांगेतच वेळ संपेल.

घरांचे नंबर कॉन्कॉर्दकडून वाढत वर जातात. म्हणजे उतरताना ते कमी होत जातात. उजव्या हाताला विषम आणि डाव्या हाताला सम. लुई व्हितों १०१ वर आणि मॅकरॉनसाठी प्रसिद्ध लादुरे ७५ वर, दोन्ही उजवीकडे. गेरलँ हे अत्तरांचे जुने घर ६८ वर, डावीकडे. रस्ता सत्तर मीटर रुंद आहे, सिग्नलही वेळ खातात. दर दुकानासाठी इकडून तिकडे करू नका. एक बाजू धरून खाली या. उन्हाच्या दिवसांत डावी बाजू जास्त तापते.

मधल्या पट्टीवर उभे राहून कमानीचा फोटो काढायचा असेल तर झेब्रा क्रॉसिंगच्या मध्यावर पादचाऱ्यांसाठी ठेवलेल्या जागेतच थांबा. फोटोच्या नादात एक पाऊल मागे टाकून गाडीसमोर जाणारे कमी नाहीत. गाड्यांच्या भागात दगडी चिरे आहेत आणि पावसात ते निसरडे होतात. नव्या चपला हॉटेलवर ठेवा.

तारीख तुमच्या हातात असेल तर महिन्याचा पहिला रविवार निवडा. त्या दिवशी दिवसाचे काही तास रस्ता गाड्यांना बंद असतो आणि थेट मधोमध चालता येते. दुकाने रविवारीही उघडी असतात.

सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांना हॉटेलवर ठेवावे का? (नाशिक रोड)

अजिबात नको. ७३ नंबरची बस एत्वालहून शाँझेलिझेवरून कॉन्कॉर्दच्या दिशेने खाली जाते. खिडकीशी बसून सगळा रस्ता दिसतो. मेट्रोत मात्र त्यांना नेऊ नका. जुन्या स्टेशनांत लिफ्ट क्वचितच असते, लाइन बदलायला लांब भुयारे आणि जिने लागतात. बसचे तिकीट आणि मेट्रोचे तिकीट वेगळे असते, एकावर दुसरीकडे जाता येत नाही. दोन युरोंचे नाविगो ईझी कार्ड प्रत्येकाचे स्वतंत्र घ्यावे लागते. एका कार्डावर दोघांनी आत जायचे नाही. तपासनीस भेटला तर दंड जागीच होतो.

कमानीच्या गच्चीला २८४ पायऱ्या आहेत, गोल जिन्याने. लिफ्ट आहे, पण ती चालायला त्रास असणाऱ्यांसाठी. सासूबाईंबद्दल दारावरच्या कर्मचाऱ्याला आधी सांगा. वर थोड्या पायऱ्या तरीही चढाव्या लागतात.

त्यांच्यासाठी आमची खरी शिफारस पती पालेची आहे. खालच्या अर्ध्या भागात, क्लेमांसो स्टेशनच्या जवळ. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला हा महाल आता शहराचे कलासंग्रहालय आहे. कायमचा संग्रह फुकट पाहता येतो, आत बसायला जागा, बाग, कॅफे आणि स्वच्छतागृह आहे. सोमवारी बंद. बाकीची मंडळी दुकाने फिरेपर्यंत त्यांना इथे निवांत बसता येईल.

तिथे खरेदी केली की टॅक्स परत मिळतो म्हणतात. मैत्रिणीला मिळाला, तिच्या बहिणीला नाही. नेमके काय चुकते? (पंचवटी)

याला तिथे देताक्स म्हणतात. अटी आधी पाहा. तुम्ही युरोपियन युनियनबाहेर राहणारे हवे, वय सोळा पूर्ण, मुक्काम सहा महिन्यांहून कमी. एकाच दुकानातली, एकाच व्यक्तीच्या नावावरची, जास्तीत जास्त तीन दिवसांतली खरेदी १०० युरोंच्या वर हवी. नेमकी शंभर झाली तर चालत नाही. सुनेचे साठ आणि सासूचे पन्नास मिळून बेरीज करता येत नाही, बिल एकाच नावावर करायचे.

पैसे देतानाच ‘देताक्स’ म्हणून पासपोर्ट दाखवा. नुसती पावती घेऊन बाहेर पडलात तर पुढे काही होत नाही, बारकोड असलेला वेगळा फॉर्म हवा. त्यावरचे नाव आणि पासपोर्ट नंबर दुकानातच वाचून घ्या.

परत मिळते किती? फ्रान्समध्ये बहुतेक वस्तूंवर कर २० टक्के आहे आणि तो छापील किमतीतच धरलेला असतो. ३०० युरोंच्या बॅगेत कर ५० युरोंचा. पण मधली कंपनी तिचा वाटा कापते आणि हाती साधारण १२ टक्के, म्हणजे ३६ युरो पडतात. ‘वीस टक्के सूट’ हे गणित मनातून काढून टाका.

आता चुकते ते इथे. एक, विमानतळावर लोक आधी बॅगा चेक-इन करतात. शार्ल द गोल विमानतळावर पाब्लो नावाची यंत्रे आहेत. फॉर्म तिथे आधी स्कॅन करायचा, हिरवा पडदा आला की मग बॅग द्यायची. पडदा लाल आला तर कस्टम्सच्या खिडकीवर वस्तू दाखवावी लागते आणि ती तेव्हा बॅगेत खोल गेलेली असली की पंचाईत. वस्तू न वापरलेली हवी. नवीन बॅग खांद्याला लावून जाऊ नका.

दोन, आणि ग्रुप टूरवाले जास्त करून इथेच अडकतात: पॅरिसनंतर स्वित्झर्लंड. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. फॉर्मवर शिक्का हवा तो वस्तू युनियनबाहेर जाताना. तुमची टूर झुरिकहून मुंबईला परतणार असेल तर झुरिक विमानतळावर फ्रेंच फॉर्मचे कोणी काही करत नाही. शिक्का सीमा ओलांडतानाच घ्यायला हवा होता, आणि पन्नास जणांची बस त्यासाठी थांबेल याची खात्री धरू नका. टूर रोमहून परतणार असेल तर तिथल्या कस्टम्स अधिकाऱ्याचा शिक्का घ्यावा लागतो, कारण फ्रेंच पाब्लो यंत्र इटलीत नसते. तुमच्या मैत्रिणीच्या बहिणीचे बहुधा असेच झाले असावे. टूर झुरिकला संपत असेल तर देताक्स नाहीच असे धरून किंमत परवडते का ते ठरवा.

कार्ड वापरताना यंत्र ‘रुपयांत की युरोत’ असे विचारते. युरो निवडा. रुपये निवडले की दर दुकानाच्या बँकेचा लागतो, आणि तो तोट्याचाच असतो. अत्तराची १०० मिलीपेक्षा मोठी बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही, कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा.

सरकारने ठरवून दिलेले सेल वर्षातून दोन: जानेवारीत आणि जूनच्या अखेरच्या बुधवारपासून, प्रत्येकी चार आठवडे. उन्हाळी टूर जुलैच्या पहिल्या आठवड्यात असेल तर कपडे-चपलांना खरोखर फरक पडतो.

घासाघीस चालते का? (भांडी बाजार)

नाही. फळीवरची किंमत तीच. पण दुकानात शिरताना ‘बाँझूर’ म्हणायचे. न म्हणता थेट किंमत विचारली तर विक्रेता नाराज होतो, आणि आपण म्हणतो फ्रेंच लोक तुसडे आहेत. फूटपाथवर आयफेल टॉवर विकणारे घासाघीस करतात, पण त्यांच्याकडचे ‘ब्रँडेड’ पट्टे-पाकिटे घेऊ नका. नकली माल जवळ बाळगणे फ्रान्समध्ये गुन्हा आहे, घेणाऱ्यालाही दंड होतो. लुई व्हितोंच्या रांगेजवळ कोणी ‘पैसे देतो, तुमच्या पासपोर्टवर आमच्यासाठी बॅग घ्या’ म्हणाले तर सरळ पुढे चालू लागा.

पाकीटमारीची फार भीती घातली जाते. खरे किती? (सिडको)

खरे आहे. १ नंबरच्या मेट्रोत, विशेषतः जॉर्ज पाचवा आणि एत्वाल या स्टेशनांवर जपून. पद्धत ठरलेली: दार बंद होतानाच हात घालायचा आणि उडी मारायची. दारापाशी उभे राहू नका. फूटपाथवर तीन प्रकार. कागद-पेन घेऊन सही मागणाऱ्या मुली: तुम्ही लिहीत असताना दुसरी पर्स उघडते. ‘ही सोन्याची अंगठी तुमची का?’ म्हणणारा: अंगठी पितळेची असते, ती देऊन पैसे मागतो. आणि कोणत्या वाटीखाली गोळी ते ओळखायचा तीन वाट्यांचा खेळ: भोवती जिंकणारे सगळे त्याच टोळीतले. कॅफेत टेबलावर फोन ठेवू नका, वरून कागद पसरून कागदासकट उचलतात.

पासपोर्ट खरेदीच्या दिवशीच बरोबर घ्या, कपड्यांच्या आतल्या थैलीत. इतर दिवशी त्याची झेरॉक्स आणि फोनमधला फोटो पुरतो. पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून प्रत घ्या. पोलिसांचा नंबर १७, सर्वसाधारण आणीबाणीचा ११२. मग भारतीय दूतावास, रू आल्फ्रेद देओदांक. शाँझेलिझेवरच्या फ्रँकलिन रूझवेल्ट स्टेशनातून ९ नंबरची मेट्रो थेट ला म्युएतला जाते, तिथून दूतावास जवळच. तिथे मिळणाऱ्या इमर्जन्सी सर्टिफिकेटवर फक्त भारतात परतता येते. टूर तिथेच सोडावी लागू शकते, हे आधीच माहीत असलेले बरे.

१४ जुलैच्या संचलनात आपली मराठा पलटण चालली होती, खरे का? (देवळाली कॅम्प)

खरे. २००९ च्या १४ जुलैला, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, भारतीय तुकडीच्या अग्रभागी मराठा लाइट इन्फंट्री याच रस्त्यावरून चालली. २०२३ मध्ये पंजाब रेजिमेंट होती. संचलन कमानीकडून कॉन्कॉर्दकडे जाते. त्या दिवशी जाणार असाल तर सकाळी लवकर जागा धरा. या भागातली काही मेट्रो स्टेशने बंद ठेवतात, बॅगा तपासतात, आणि दुपारपर्यंत रस्ता ओलांडता येत नाही.

आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडेही नाही. तिथे काय खावे? चहाचे काय? आणि स्वच्छतागृह? (इंदिरानगर)

नावांवर जाऊ नका. क्रोक-मस्यू म्हणजे चीज टोस्ट वाटतो, आत हॅम असते. किश लोरेनमध्ये डुकराचे मांस. कांद्याचे सूप बहुधा गोमांसाच्या पाण्यात करतात. मॅकरॉनमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतोच, क्रॉसाँवर बऱ्याचदा अंडे फासलेले असते. बिनधोक गोष्ट म्हणजे ‘बागेत द त्रादिस्याँ’ ही लांब पाव-काठी: १९९३ च्या नियमाने त्यात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण एवढेच मुख्य घटक, अंडे नाही. रू ला बोएसीच्या कोपऱ्यावर मोनोप्री सुपरमार्केट आहे. तिथून पाव, फळे, दही घ्या आणि खालच्या बागेत बाकावर बसून खा. सांगायचे वाक्य: ‘सां व्यांद, सां प्वासाँ, सांझ अफ’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, अंडे नको. गरम जेवणच हवे असेल तर एत्वालहून २ नंबरची मेट्रो थेट ला शापेलला जाते. तिथल्या तमिळ वस्तीत डोसा-इडली मिळते.

कॅफेत दाराबाहेर दरपत्रक लावलेले असते, बसण्याआधी वाचा. काउंटरवर उभे राहून घेतलेली कॉफी बाहेरच्या खुर्चीपेक्षा बरीच स्वस्त पडते. नुसते ‘काफे’ म्हणालात तर दोन घोट काळी कॉफी येते, दुधाची हवी तर ‘काफे क्रेम’. चहा म्हणजे गरम पाणी आणि पुडी. दूध वेगळे मागा, तेही थंड येते. चहावाल्यांनी पुड्या घरूनच न्याव्यात. बाटलीचे पाणी घेऊ नका, ‘युन काराफ दो’ म्हणा, नळाचे पाणी फुकट देतात. सेवाशुल्क बिलातच असते, टिप सक्तीची नाही.

रस्त्यावरची स्वयंचलित स्वच्छतागृहे फुकट आहेत. आधीचा माणूस बाहेर पडला की दार बंद होऊन आतली धुलाई होते, मग हिरवा दिवा लागतो. दार उघडेच आहे म्हणून घाईने आत शिरलात तर ती धुलाई अंगावर होते.