ती दारापाशी नुसती उभी राहते

प्रश्न : माझ्या मुलीला पळवून नेलं तेव्हा ती ११ वर्षांची होती. सात वर्षांनी पोलिसांनी तिला सोडवून आणलं. चार महिने झाले, अजून ती पाणी प्यायलाही विचारते. दार बंद दिसलं की कडीला हात न लावता नुसती उभी राहते. परवा म्हणाली, ‘‘त्यांना तुरुंगात जेवायला मिळतं ना?’’ माझा तोल गेला. ‘‘इतक्या वर्षांत पळाली का नाहीस?’’ असं बोलून गेले. तेव्हापासून तिने अबोला धरलाय. – एक आई

उत्तर : ताई, सात वर्षांचा जाळ होता तो, बाहेर पडला. पण तो प्रश्न तिला पुन्हा विचारू नका, नातेवाइकांनाही विचारू देऊ नका.

ऑस्ट्रियातल्या नताशा काम्पुशला २ मार्च १९९८ रोजी शाळेच्या वाटेवरून पळवलं, तेव्हा ती १० वर्षांची होती. पुढे तो माणूस तिला बाहेरही नेत असे, तरी तिचा पाय निघाला नाही. २३ ऑगस्ट २००६ ला ती त्याची गाडी व्हॅक्यूम क्लीनरने साफ करत होती. त्याला फोन आला, आवाज नको म्हणून तो बाजूला गेला, आणि ती धावत सुटली. ३,०९६ दिवसांनी! त्याच दिवशी त्याने जीव दिला. त्याच्यासाठी ती रडली, तर लोकांनी तिलाच बोल लावले.

अन्न, उजेड, मार, सगळं ज्याच्या हाती, त्याची मर्जी सांभाळणं तुमची लेक ११ व्या वर्षी शिकली. म्हणून ती आज तुमच्यासमोर आहे.

तिची माफी मागा, पण थोडक्यात. तुम्ही रडत बसलात तर तीच तुम्हाला सावरायला लागेल. तेच तर ती इतकी वर्षं करत आलीय. तिच्या खोलीला आतून कडी बसवा. ती दारापाशी थांबली की धावत जाऊन उघडू नका. ‘‘तुला हवं तेव्हा उघड,’’ म्हणा आणि आपल्या कामाला लागा. दहा मिनिटं लागली तरी लागू देत. अशा आघातांवर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे तिला एकटीला बोलू द्या, आत काय झालं ते विचारू नका. तुम्हीही स्वतःसाठी कुणाकडे तरी जा. तुमची ११ वर्षांची मुलगी परत आलेली नाही, आलीय ती १८ वर्षांची. त्या लहानगीसाठी तुम्ही अजून रडलेल्याच नाही आहात, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं.

आणि जेवणाचं तिने पुन्हा विचारलं, तर ‘‘हो, मिळतं,’’ एवढंच सांगा, आणि तिच्याजवळ बसून राहा.