पीएचडी झाली, तरी पोरगी अजून ट्रेनिंगलाच का?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक 29 वर्षांची, सांगलीत विलिंग्डनला बीएस्सी, मग पुण्यात पीएचडी, थिसिस सबमिट झालाय आणि आता म्हणतीय की हार्टच्या रिसर्चमध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर काही वर्षं दुसऱ्याच्या लॅबमध्ये संशोधन, करायला अमेरिकेला जाते. तुम्ही विचारलंय, "डॉक्टरेट मिळाली तरी अजून ट्रेनिंगच, आणि वर डिग्री पण नाही, मग हे कशासाठी?" पावणे लग्नाचं विचारतायत तेही लिहिलंय.

तासगावात तुमची द्राक्षबाग आहे, म्हणून बागेतलंच सांगतो. एप्रिलची खरड छाटणी घेतली की द्राक्ष मिळत नाही, खर्च मात्र होतो. पण पुढच्या हंगामाचा घड काडीच्या डोळ्यात धरतो तो त्याच दिवसांत, ऑक्टोबर छाटणीनंतर फक्त दिसतो. पोस्टडॉक तसंच आहे. पीएचडीत गाइडच्या हाताखाली प्रश्न सोडवायला शिकतात, इथं स्वतःचा प्रश्न शोधायला, त्यासाठी ग्रँट लिहून पैसे आणायला, ज्युनियर पोरांना हाताखाली तयार करायला शिकतात, आणि पुढं आयसर किंवा एनसीसीएससारख्या सरकारी संशोधन संस्थेत स्वतःची लॅब पाहिजे असेल तर याशिवाय अर्ज पुढं सरकणं फार अवघड. आणि हो, इथं फी भरायची नसते, पगार मिळतो. अमेरिकेत एनआयएचचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा, 2024 चा नव्या पोस्टडॉकचा दर वर्षाला 61,008 डॉलर होता. मोठ्या शहरात त्यातलं बरंचसं घरभाड्यातच जातं, त्यामुळं पैसे साठतील असं धरू नका.

आता तिनं तुम्हाला दाखवलेली जाहिरात. त्यात टी-32 लिहिलंय ना, ती एनआयएचची ट्रेनिंग ग्रँट, तिथं डॉक्टर आणि पीएचडीवाले एकत्र शिकतात, स्टॅटिस्टिक्स, ग्रँट लिहिणं, रिसर्चची नीतिमत्ता सगळं असतं. फार चांगली ट्रेनिंग आहे, पण त्या जागा फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना. तिथं अर्ज करून महिने घालवू नकोस म्हणावं. त्याच लॅबमध्ये गाइडच्या स्वतःच्या ग्रँटवर जाता येतं, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पोस्टडॉक फेलोशिपला तिथं जे-1 व्हिसावर (परदेशी संशोधकांना मिळतो तो) असलेल्यांनाही अर्ज करता येतो.

पण माझं खरं सांगणं देशाबद्दल नाहीच, गाइडबद्दल आहे. माझ्याकडं आलेला एक मुलगा मोठ्या नावाच्या लॅबमध्ये चार वर्षं राबला आणि निघताना गाइड म्हणाला, प्रोजेक्ट इथंच राहणार. तो रिकाम्या हातानं आला, मला आजही त्याचं वाईट वाटतं. म्हणून तिनं इंटरव्ह्यूत दोन गोष्टी विचारायच्याच, तुमच्याकडचे आधीचे पाच पोस्टडॉक आज कुठं आहेत, आणि जाताना मला माझं काम सोबत नेता येईल का. उत्तर गोलगोल आलं तर ती लॅब सोडून द्यायची, नाव कितीही मोठं असो.

आणि अमेरिकाच पाहिजे असंही नाही. हृदयाच्या स्नायूतलं एक प्रोटीन बनवणाऱ्या जीनमध्ये 25 अक्षरं गळालेली असतात, दक्षिण आशियातल्या साधारण 4 टक्के लोकांत, आणि त्यानं हार्ट फेल्युअरचा धोका वाढतो. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी जीवशास्त्र संस्थेतल्या लोकांसकट झालेलं हे काम 2009 साली छापून आलं. म्हणजे आपल्या माणसांच्या हृदयाचे प्रश्न आपल्याकडंही सुटतायत. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संस्था आहे, बंगळूरला स्टेम सेलवर काम करणारी इनस्टेम आहे. सरकारची दोन वर्षांची नॅशनल पोस्टडॉक फेलोशिप आहे, आता ती एएनआरएफ या संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेकडं, आणि आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या इंडिया अलायन्सची फेलोशिपही आहे. अमेरिका आणि या दोन फेलोशिप, तिन्हीकडं एकदमच अर्ज टाकू दे.

तुम्ही लिहिलंय की तुमचा धाकटा भाऊ 46 व्या वर्षी झटक्यानं गेला आणि तेव्हापासून पोरीनं हाच विषय धरला. मी एकदा मायक्रोस्कोपखाली बघितलंय, माणसाच्या रक्तातल्या पेशी घेऊन त्यांच्या हृदयाच्या पेशी बनवलेल्या, ताटलीत पातळ थर, आणि तो थर आपोआप आकुंचन पावत होता, थांबत होता, परत धडधडत होता. मी बराच वेळ तिथून हललो नव्हतो. तिला एकदा विचारा असं काही बघितलंय का, ती काय सांगते ते ऐका, मग ठरवा.

लग्नाचं तिला विचारून ठरवा, त्यासाठी पोस्टडॉक थांबवायची गरज मला दिसत नाही.

तिला या आठवड्यात आठ-दहा गाइडची यादी करायला सांगा, प्रत्येकाचे अलीकडचे दोन-तीन पेपर वाचून, आणि प्रत्येकाला वेगळा मेल. सगळ्यांना एकच मेल पाठवला की तो सरळ डिलीट होतो. पहिला ड्राफ्ट मला पाठवू दे, मी बघून देतो.