वाचकांचे प्रश्न : वादळं आता आपल्याही किनाऱ्याला?

ताई, सप्रेम नमस्कार. श्रीवर्धनजवळ आमची वाडी आहे. 'निसर्ग' वादळात निम्म्याहून जास्त पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, गेल्या. वडील म्हणायचे, वादळं बंगालच्या बाजूची, आपल्याला भय नाही. आता मुलगा विचारतो, पुन्हा पोफळी लावायच्या कशाला? हे दर दोन-चार वर्षांनी होणार का?
– एक बागायतदार

दादा, पत्र वाचून फार वाईट वाटलं. आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते. पोफळीला वाढीचा कोंब एकच, तोही अगदी शेंड्याला. शेंडा मोडला की उभं राहिलेलं खोडही मेलंच म्हणायचं. आणि नवं रोप धरतं व्हायला सहा-सात वर्षं! म्हणून तुमच्या मुलाचा प्रश्न मला रास्त वाटतो.

वडील सांगायचे ते त्यांच्या काळात खरंच होतं. बंगालच्या उपसागरात चार वादळं झाली तर अरबी समुद्रात एखादं, असं ते जुनं प्रमाण. त्यातलीही बरीचशी ओमानकडे नाहीतर गुजरातकडे वळायची. वादळ पोसायला समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर लागतं आणि ती ऊब नुसती पृष्ठभागावर असून भागत नाही, खाली बऱ्याच खोलीपर्यंत लागते. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रच पोटात घेतो आहे. अरबी समुद्र त्यात झपाट्याने तापला.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९८२ ते २०१९ या काळातल्या नोंदी तपासल्या. २०२१ साली त्यांचा निबंध आला. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळं दीडशे टक्क्यांनी वाढली आणि वादळ टिकण्याचा एकूण काळ ८० टक्क्यांनी. बंगालच्या उपसागरात मात्र अशी वाढ दिसली नाही. मला यातली टिकण्याच्या काळाची बाब सगळ्यात काळजीची वाटते. वादळ जितका वेळ तापलेल्या पाण्यावर राहील तितकं ते माजतं.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात 'क्यार' आणि 'महा' ही दोन वादळं अरबी समुद्रात एकाच वेळी घोंघावत होती. ३ जून २०२० ला 'निसर्ग' तुमच्याच रायगडच्या किनाऱ्यावर आलं. पुढच्या मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत धडकलं, पण जाता जाता सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा आंबा झोडपून गेलं. म्हणजे वादळ आपल्या किनाऱ्याला टेकलंच पाहिजे असंही नाही.

म्हणून दर दोन-चार वर्षांनी श्रीवर्धनलाच येईल का? तसं कुठलंच संशोधन सांगत नाही. अरबी समुद्रात एकूण वादळं किती होतील आणि त्यातलं एखादं तुमच्या वाडीवर येईल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चाळीसेक वर्षांच्या नोंदींवरून एका तालुक्याचं भविष्य मांडता येत नाही. पण 'आपल्याला भय नाही' हे धरून वाडी लावायचे दिवस मात्र गेले.

माझं मत विचाराल तर पोफळी जरूर लावा. रोठा सुपारीचं गाव ते! फक्त सगळी वाडी एकाच वर्षी भरू नका. दोन-तीन टप्प्यांनी लावलीत तर सगळी झाडं एकाच वयाची राहणार नाहीत. मिरी पोफळीवरच चढते, तेव्हा पोफळ पडली की तीही जाते. म्हणून तिच्यावर भिस्त नको. स्वतःच्या बुंध्यावर उभं राहणारं जायफळ, कोकम मधे मधे असू द्या आणि हाती चार पैसे यायला केळी. समुद्राकडच्या अंगाला केवडा असेल तर तो तोडू नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र तुमच्या श्रीवर्धनातच आहे. मुलालाच तिथे पाठवा आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या.

पावसाची सरासरी तर भरते, मग पाऊस बदलला असं का म्हणतात?
– एक शिक्षिका, सातारा

कारण पिकाला सरासरीचा उपयोग नसतो, पाऊस कधी आणि कसा पडला त्याचा असतो. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. ते साठत राहतं आणि पडतं तेव्हा एकदम कोसळतं. मधे कोरडे दिवस. कोल आणि सहकाऱ्यांच्याच २०१७ च्या अभ्यासात मध्य भारतातल्या मोठ्या भूभागावर एकाच वेळी पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीने वाढलेल्या दिसल्या, आणि तेही मोसमाचा एकूण पाऊस घटत असताना. तुमच्या जिल्ह्यातलंच पाहा. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. घाटाखाली चिपळूण त्याच दिवसांत बुडालं. मुलांना शिकवताना वार्षिक बेरजेच्या शेजारी पावसाच्या दिवसांची संख्याही फळ्यावर लिहा.