रवी वाचण्याआधी घड्याळ बघ

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पत्रिका आणि तिच्याखाली लिहिलेलं फलित, दोन्ही नीट वाचलं. ‘रवी नीच, म्हणून वडिलांचं सुख नाही, मान नाही, सरकारी नोकरीचा योग नाही.’ ‘नीच’, म्हणजे सर्वांत दुबळ्या राशीत, या एका शब्दावरून तीन निकाल. नियम तुला पाठ आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण रवी बरोबर मांडला आहे की नाही, हे नुसती तारीख आणि वेळ पाहून ताडता येतं. ही सोय दुसरा कुठलाही ग्रह देत नाही. म्हणून आधी ते ताडून घे, फलित मग.

तारखेवरून रास कळते. निरयन (ताऱ्यांवरून मोजलेला, आपल्या पंचांगातला) रवी १४ एप्रिलच्या सुमारास मेषेत येतो आणि पुढे दर महिन्याच्या मध्याला रास बदलतो. वृषभ १५ मे, मिथुन १५ जून, कर्क १६-१७ जुलै, सिंह, कन्या आणि तूळ त्या त्या महिन्याच्या १७ तारखेला, वृश्चिक आणि धनु १६ ला, मकर १४-१५ जानेवारीला, कुंभ १३ फेब्रुवारीला, मीन १४-१५ मार्चला. हे एकदा डोक्यात बसलं की संक्रांतीपासून, म्हणजे रवीने रास बदलल्यापासून, जितके दिवस गेले तितके अंश, असा ढोबळ हिशेब जमतो. रवीची सरासरी रोजची चाल ५९ कला ८ विकला आहे (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). जानेवारीत ती ६१ कलांपर्यंत जाते, जुलैत ५७ वर येते. जन्म संक्रांतीच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशीचा असेल तर मात्र अंदाज नको; त्या वर्षीच्या पंचांगात संक्रमणाची वेळ बघ.

इथे एक घोटाळा आपल्याकडे हमखास होतो. कोकणात आणि इतरत्रही काही घरांत टिळक पंचांग पाळतात. त्याचा अयनांश (सायन आणि निरयन मोजणीतलं अंतर) दाते पंचांगाच्या चित्रापक्षीय, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून धरलेल्या, अयनांशापेक्षा सुमारे चार अंशांनी कमी असतो, त्यामुळे त्यांची संक्रांतही चारेक दिवस आधी येते. जुनी पत्रिका त्या गणिताची आणि नवी संगणकाची असेल, तर रवीची रास दोन्हींत वेगळी दिसू शकते. अशा वेळी ‘ज्योतिषी चुकला’ म्हणून मोकळं होऊ नकोस. पंचांग कोणतं, हे आधी विचार. वर्तमानपत्रातली इंग्रजी पद्धतीची रास तर सायन, म्हणजे ताऱ्यांऐवजी विषुवबिंदूपासून मोजलेली असते, सुमारे २४ अंश पुढची. ५ ऑगस्टला जन्मलेला माणूस तिथे सिंहेचा असतो, आपल्या पत्रिकेत त्याचा रवी कर्केत असतो.

वेळेवरून स्थान, म्हणजे कुंडलीतल्या बारांपैकी कोणतं घर, ते कळतं. सूर्योदयाला रवी लग्नाशी (पूर्वेला उगवत्या राशीशी, पहिल्या घराशी) असतो, माध्यान्ही दशमात, सूर्यास्ताला सप्तमात, मध्यरात्री चतुर्थात. उदयानंतरचे पहिले दोन तास बारावं स्थान, पुढचे दोन अकरावं, मग दहावं, असं उलट्या क्रमाने येतं. राशीकुंडलीत एक स्थान इकडेतिकडे होतं, ते चालतं. दोन स्थानांचा फरक पडला तर वेळ, गाव किंवा सकाळ-संध्याकाळ यांपैकी काहीतरी चुकलं आहे असं समज.

तू पाठवलेल्या पत्रिकेवरच करून बघू. पुणे, ७ नोव्हेंबर, सकाळी दहा. आपलं घड्याळ ८२ अंश ३० कला रेखांशाचं, पुणे ७३ अंश ५१ कलांवर. फरक ८ अंश ३९ कला, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे सुमारे ३५ मिनिटं वजा. त्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला रवी मध्यम वेळेच्या १६ मिनिटं पुढे असतो, ती मिळव. खरी सूर्यवेळ आली ९ वाजून ४१ मिनिटं. म्हणजे रवी अकराव्यात हवा. लग्न धनु, रवी तुळेत, अकरावा. जुळलं. आता राहिले अंश: तूळ संक्रांत १७ ऑक्टोबरची, २१ दिवस गेले, तुझ्या कागदावर २० अंश ४० कला आहेत. तेही जुळलं. पत्रिका वाचण्याजोगी आहे.

आता वाच. रवीचं परमनीच तुळेच्या १० अंशावर. हा २० अंशांच्या पुढे गेला आहे, म्हणजे नीचबिंदू मागे टाकून उच्चाकडे, म्हणजे सर्वांत बलवान बिंदूकडे, निघालेला, आरोही आहे. नवमांश (राशीचा नववा भाग) काढ: तुळेचे नवमांश तुळेपासूनच सुरू होतात, प्रत्येक ३ अंश २० कलांचा. सातवा २० अंशांपासून २३ अंश २० कलांपर्यंत, आणि तो मेषेचा. राशीत नीच असलेला रवी नवमांशात उच्च आहे. तू नवमांश मांडला होतास, पण त्याच्याकडे पाहिलंच नाहीस. याची उलट बाजूही लक्षात ठेव. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रवी मेषेच्या याच अंशांत असतो, तेव्हा त्याचा नवमांश तुळेचा येतो. कागदावर ‘उच्चीचा रवी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि आत पाया कच्चा असतो.

पुढे स्वामित्व. धनु लग्नाला रवी भाग्येश, म्हणजे नवव्या स्थानाचा स्वामी. भाग्येश लाभात (अकराव्यात), आणि लाभ हे उपचय, म्हणजे वाढीचं स्थान; तिथे क्रूर ग्रह कामाचा ठरतो. (रवीला पापग्रह म्हणण्यापेक्षा क्रूर म्हणावं, हेच मला बरोबर वाटतं. तो जाळतो, कपट करत नाही.) त्याची सप्तम दृष्टी पंचमावर, मेषेवर, म्हणजे स्वतःच्या उच्च राशीवर. मग नीचभंग (नीचपणा रद्द होतो का ते) तपास: तुळेचा स्वामी शुक्र किंवा मेषेचा स्वामी मंगळ लग्नापासून अथवा चंद्रापासून केंद्रात (पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या घरात) आहे का? शेवटी अष्टकवर्ग, म्हणजे ग्रहाला राशीवार बिंदू देण्याची पद्धत. रवीचे एकूण बिंदू ४८, राशीला सरासरी ४. तुळेत पाच किंवा जास्त असतील तर गोचरात (आकाशातल्या चालू भ्रमणात) रवी तिथे येतो तो महिना जातकाला, म्हणजे ज्याची पत्रिका त्याला, चांगला जाईल, तीन किंवा कमी असतील तर ओढाताणीचा. एवढं सगळं पाहून जे हाती येईल ते ‘वडिलांचं सुख नाही’ यापासून बरंच लांब असेल. मी लिहिलं असतं: मान मिळेल, पण आपसूक नाही, ज्येष्ठांच्या आणि मोठ्या वर्तुळाच्या ओळखीतून, वय वाढेल तसा.

तुझ्या वहीतले आणखी दोन शेरे खोडायला हवेत. पहिला, ‘बुधादित्य योग, कुशाग्र बुद्धी’. बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे कधी जातच नाही. मग दोघे एका राशीत सापडणं ही विशेष गोष्ट कशी? त्यांतलं अंतर बघ. १४ अंशांच्या आत बुध अस्तंगत (रवीच्या तेजात लपलेला), वक्री (उलट चालीचा) असेल तर १२ अंशांच्या आत. तो मिथुनेत किंवा कन्येत आहे का, युती कोणत्या स्थानात आहे, यावर त्या योगाची किंमत ठरते. दुसरा शेरा, ‘ग्रहणयोग’. दरवर्षी रवी एक महिना राहूच्या राशीत आणि एक महिना केतूच्या राशीत असतो. म्हणजे बारापैकी दोन महिन्यांत जन्मलेल्या प्रत्येकाच्या पत्रिकेत तू ग्रहणयोग लिहिणार? खरं सूर्यग्रहण अमावास्येलाच लागतं, आणि तेही रवी राहू-केतूंपासून साधारण १८ अंशांच्या आत असेल तरच. अंशात्मक युती आणि अमावास्या या दोन गोष्टी नसतील तर तो शब्द उच्चारू नकोस. ऐकणारी आई वर्षानुवर्षं त्या शब्दाची भीती बाळगते.

दशेचं थोडक्यात. रवीची महादशा (आयुष्यातला त्याच्या अंमलाचा काळ) सहाच वर्षांची. तिच्यातले पोटकाळ, म्हणजे अंतर्दशा, काढताना दोन दशावर्षांचा गुणाकार कर, शेवटचा अंक सोडून उरलेले महिने, आणि शेवटच्या अंकाची तिप्पट हे दिवस. रवीत शनी: ६ गुणिले १९ म्हणजे ११४, म्हणून ११ महिने १२ दिवस. पण रोहिणी, हस्त, श्रवण या चंद्राच्या नक्षत्रांवर जन्म असेल तर रवीची महादशा सगळ्यात शेवटी येते, वयाच्या शंभरीनंतर. अशा माणसाला रवीचं फळ दुसऱ्या महादशांतल्या रवीच्या अंतर्दशेतच शोधावं लागतं. हे विसरलं की ‘रवीच्या दशेत बढती’ असं कधीच न येणारं भाकीत लिहून होतं.

रवी पित्याचा कारक, म्हणजे पित्याचा निदर्शक ग्रह, खरं. पण पिता पाहताना नवम स्थान, नवमेश आणि रवी असे तिघे एकाच दिशेला बोट दाखवतात का ते बघ. दोघे बोलत असतील तर जपून बोल, एकटा रवी बोलत असेल तर गप्प राहा. वडिलांच्या आयुष्याबद्दल तर तिघे बोलले तरी सांगू नकोस. डोळे, हृदय, हाडं हेही रवीकडे येतं. कुणी तक्रार सांगितली तर त्याला आधी डॉक्टरकडे पाठव, पत्रिका नंतर उघडता येते.

रवीचं रत्न म्हणून माणिक सुचवताना हात आवर. कन्या लग्नाला रवी व्ययेश (बाराव्याचा स्वामी), मीनेला षष्ठेश (सहाव्याचा). मकरेला तो अष्टमेश (आठव्याचा), आणि रवी-चंद्रांना अष्टमेशाचा दोष नसतो असं शास्त्र म्हणत असलं तरी दोष नाही म्हणजे रत्न घालावं असा अर्थ होत नाही. शिवाय बाजारात भेगांमध्ये काच भरलेलं माणिक सर्रास मिळतं. प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय घेऊच देऊ नकोस. त्यापेक्षा अर्घ्य सांग. तांब्याच्या कलशात स्वच्छ पाणी, पूर्वेकडे तोंड, सूर्योदयाच्या वेळी, सावकाश एकच धार, आणि पाणी झाडाच्या मुळाशी पडेल असं. नजर पाण्याच्या धारेवर ठेवायची, बिंबाकडे टक लावायची नाही. त्यात डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. कुणाला जमत असेल तर सोबत बारा नावांचे बारा सूर्यनमस्कार. रथसप्तमीला सुरुवात केली तर छानच, पण तिची वाट बघत थांबायला सांगू नकोस.

राहिली तुझ्या आजोबांची पत्रिका. मुंबई, १९४३, सकाळी सात, आणि रवी तुला दोन वेगवेगळ्या स्थानांत मिळतोय. युद्धामुळे १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. शिवाय मुंबईत प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३९ मिनिटं मागे असलेला मुंबई टाइमही वापरात होता. म्हणजे त्या ‘सात’चे तीन अर्थ होतात: युद्धातली पुढे केलेली वेळ, नेहमीची प्रमाणवेळ किंवा मुंबई टाइम. मूळ कागद मिळाला तर त्यावर ‘सूर्योदयात् गत घटी’ असं काही लिहिलंय का ते शोध. एक घटी म्हणजे २४ मिनिटं. ते आकडे सापडले तर घड्याळाचा प्रश्नच उरत नाही, कारण वेळ थेट रवीपासून मोजलेली असते. नाही सापडले तर तिन्ही वेळांची लग्नं मांडून मला पाठव, प्रत्येकात रवी कुठे बसतो ते शेजारी लिहून.

तुझा हितचिंतक