पुणे–बंगळूर हायवेवर जुन्या ओम्नी, मॅटॅडोर दिसेनाशा का झाल्या? कोल्हापूरकडे मिळाली तर घ्यावी का?

पुण्याहून कोल्हापूरपर्यंत आलात नि एकही जुनी व्हॅन दिसली नाही म्हणता, ते खरंच आहे. पण म्हणून सगळ्या भंगारात गेल्या असं नाही. तावडे हॉटेलपासून शहरात वळा, लक्ष्मीपुरीत एक चक्कर मारा. पोती भरून उभ्या असलेल्या ओम्नी अजून दिसतील. माझं गॅरेज उद्यमनगरात आहे, त्यामुळं या गाड्या रोज हाताखालून जातात.

लोक सरसकट सरकारी नियमांना दोष देतात. ते निम्मंच बरोबर. पंधरा वर्षांनंतर पासिंग नव्यानं करायचं, वर पर्यावरण कर. एप्रिल 2022 पासून जुन्या कारची नोंदणी पुन्हा करायची फी 600 वरून 5000 झाली. ओम्नीचं उत्पादनही 2019 ला थांबलं. पण हायवेवरून या गाड्या त्याच्या कितीतरी आधी उतरल्या होत्या. रस्ता चौपदरी झाला, बाकीची वाहनं पळायला लागली नि यांची पंचाईत झाली.

कारण गाडीच्या ठेवणीत आहे. ओम्नीचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं आणि गियर चारच. सीट उचलली की इंजिन खालीच दिसतं. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना ते ड्रायव्हरला पुरेपूर जाणवतं. साठपर्यंत गाडी मजेत चालते. काटा सत्तरच्या पुढं गेला की सरकता दरवाजा खडखडायला लागतो, इंजिन किंचाळतं आणि वरचा गियर तर नाहीच. त्यात अंग उंच, चाकं बारा इंचांची, वजन आठशे किलोच्या आत. पंचगंगेच्या पुलावर शेजारून कंटेनर गेला की गाडी आधी बाहेर ढकलली जाते, मग आत ओढली जाते, आणि स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून बसावं लागतं. चौपदरी रस्त्यावर कारला कायद्यानं शंभरचा वेग चालतो. तुम्ही डावीकडून साठनं निघालात तरी मागचा डिपर मारून मारून नको करतो. पुढं बॉनेटही नाही, धडक बसलीच तर आधी गुडघे जातात. हे माहीत असलेला माणूस बायकापोरांना घेऊन हायवेला कशाला जाईल?

माझा एक गिऱ्हाईक मंडपवाला आहे. कागलला जायचं असलं की तो गोकुळ शिरगावच्या बाजूनं शक्य तेवढा सर्व्हिस रोड धरतो. म्हणतो, "हायवेला गाडी माझ्या हातात ऱ्हात न्हाई, वाऱ्याच्या हातात जात्या." गारगोटी, राधानगरीकडं मात्र हाच माणूस बिनघोर जातो. तिथं रस्त्याचाच वेग चाळीस-पन्नासचा.

मॅटॅडोरची गोष्ट वेगळी. ती खरोखरच संपत आली. बजाज टेम्पोची ही गाडी पुढच्या चाकांवर ओढायची, त्यामुळं मागची फळी खाली असायची आणि माल चढवायला सोपं जायचं. 2005 ला छोटा हत्ती, म्हणजे टाटाचा छोटा मालवाहू टेम्पो, आला आणि तिचं काम त्यानं नि पिकअपनी वाटून घेतलं. अजून एखादी येते. सुटा भाग बाजारात मिळाला नाही तर शेजारच्या लेथवर बुश काढून घेतो, उद्यमनगरात तेवढी सोय आहे. पण गाडी उभी राहिली की मालकाची रोजी बुडते, म्हणून तोही शेवटी विकून मोकळा होतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. गावातल्या गावात सामान न्यायला हवी असेल तर ओम्नी जरूर घ्या. दुरुस्ती स्वस्त आणि गल्लीत कुठंही वळते. रंगाला भुलू नका. सरकत्या दरवाजाची खालची पट्टी आणि पायाखालचा पत्रा नखानं खरवडून बघा, तिथंच गंज धरतो. आरसी बुकची मुदत बघा. गॅस किट असेल तर त्याची नोंद बुकात आहे का तेही बघा. घरगुती सिलिंडर लावून फिरवलेली गाडी असेल तर फुकट दिली तरी नको. आणि पुण्याला न्यायची असेल तर चालवत नेऊ नका, परतीच्या रिकाम्या ट्रकात चढवून न्या. भाडं जाईल, पण मी गिऱ्हाइकांना हेच सांगतो.